दोष दिसतो कुठे आणि असतो कुठे

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातल्या भाषणाचा हा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिला आहे.)



मंडळानं मला विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, "रेडिओवर चालणाऱ्या ग्लायडरच्या मोटरमधले बिघाड." फोनवर थोडा वेळ शांतता. मग सेक्रेटरी म्हणाले, "काका, जरा सांस्कृतिक काही नाही का?" मी म्हटलं, बिघाड शोधणं हीसुद्धा आपल्या बडोद्याची संस्कृतीच आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं, ते हातातलं कसब आणि पुस्तकातली विद्या एका छपराखाली यावी म्हणून. दादासाहेब फाळके तिथं शिकून गेले. आज ती विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे, पण आपण जुनी माणसं अजून कलाभवनच म्हणतो. मीही तिथलाच. पुढे चाळीस वर्षं कारखान्यांतल्या मोटरी दुरुस्त करण्यात गेली. तेव्हा परवानगी मिळाली.

परवा आरती चालू असताना मंडपातली डावीकडची माळ गेली, ते तुम्ही पाहिलंत. दोन कार्यकर्ते धावले, माळ काढून नवी लावली. तीही लागेना. तिसऱ्यानं बोर्डातली पिन जरा दाबली आणि माळ लागली. जुनी लावून पाहिली, तीही चांगलीच होती. आज मी तासभर जे सांगणार आहे ते एवढंच आहे. फक्त माझ्या गोष्टीत ती पिन सापडायला तीन महिने लागले, सहा हजारांवर रुपये गेले, बोटाला तीन टाके पडले, आणि नववीतला माझा नातू माझ्याशी बोलेनासा झाला.

आधी हे विमान म्हणजे काय ते सांगतो. फोमचं, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मीटर, वजन किलोभर. नाकात मोटर, तिच्यावर घडी होणारा पंखा. हातानं फेकायचं, अर्धा मिनिट मोटर चालवून शंभरेक मीटर वर न्यायचं आणि मोटर बंद करायची. पंख्याची पाती मागे मिटून नाकाला चिकटतात आणि मग विमान घारीसारखं तरंगतं. कुठं गरम हवा वर चढत असेल तर तिच्यात गिरक्या घेत आणखी वर जातं. उत्तरायणात अगाशीवर दिवसभर पतंग उडवणाऱ्यांना वारा काय करतो हे मी सांगायला नको.

आता विजेचा रस्ता बघा. बॅटरी तीन सेलची, लिथियम पॉलिमर, २२०० मिलिअँपिअर-अवरची. पूर्ण भरली की प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट, म्हणजे एकूण १२.६. तिच्यापुढे प्लग. प्लगच्या पुढे स्पीड कंट्रोलर, मुलं त्याला ईएससी म्हणतात. त्यातून मोटरकडे तीन तारा. मोटर ब्रशलेस आहे, म्हणजे तिच्यात कार्बन नाहीत. कंट्रोलर त्या तीन तारांत आळीपाळीनं करंट सोडतो आणि मोटर फिरते. आपल्या कारखान्यातल्या थ्री-फेज मोटरचं हे धाकटं भावंड समजा. त्याच कंट्रोलरमधून आणखी एक बारीक वायर निघते. ती पाच व्होल्ट देते, त्यावर रिसीव्हर आणि शेपटी-पंख हलवणारे सर्व्हो चालतात. म्हणजे घरात एकच मीटर आणि त्याच्यावरच सगळं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मोटर पूर्ण जोरात चालते तेव्हा २५ अँपिअर घेते. तुमच्या घरातला दीड टनाचा एसी साताठ अँपिअर घेतो. व्होल्ट कमी असले की अँपिअर वाढतात, आणि अँपिअर वाढले की लूज कॉन्टॅक्ट माफ होत नाही.

आता आमची गोष्ट. विमान दोन महिने छान उडलं. मग आमच्या दुसऱ्या बॅटरीचा प्लग वेगळा निघाला, म्हणून मी विमानाचा मूळ प्लग कापून पिवळा एक्सटी-६० लावला. एका रविवारी संध्याकाळी, माझ्या हातानं. त्यानंतरच्या आठवड्यात मोटर हवेत बंद पडायला लागली. विमान पडत नव्हतं, कारण ग्लायडर मोटरशिवायही उतरतं. पण उंची कमी असताना, समोर झाडं असताना मोटर बंद पडली की छातीत धस्स होतं.

घरी आणायचं, टेबलावर ठेवायचं, चार्ज केलेली बॅटरी लावायची, थ्रॉटल अर्धा करायचा, मोटर उत्तम! पुन्हा मैदानावर न्यायचं, पुन्हा बंद. मी अनुभवी माणूस. म्हणालो, बॅटरी गेली, तू ती पार उतरवून टाकलीस. नवी आणली. तेच. म्हणालो, मागे तू विमान नाकावर आपटलंस, मोटरला धक्का बसला असणार. मोटर आणली. तेच. मग कंट्रोलर आणला, त्यालाही मीच पिवळा प्लग लावला. तेच! नातू दर वेळी सांगायला यायचा, "आजोबा, तो असा बंद पडत नाही, आधी ऐका ना." मी ऐकत नव्हतो. शेवटी त्यानं विमान माळ्यावर टाकलं आणि एक वही माझ्या टेबलावर ठेवून निघून गेला. मी ती उघडलीही नाही.

त्यानंतर एका दुपारी मी एकट्यानंच विमान खाली काढलं आणि टेबलावर तपासायला बसलो. पंखा काढला नव्हता. मोटर 'बंद' होती ना! वाकून तार बघताना सदऱ्याची बाही ट्रान्समीटरच्या दांड्याला लागली. पंखा एकदम फिरला आणि तर्जनी कापली. तीन टाके पडले. नातू दारातून आत येत होता, फूटभर अंतरावर होता. त्याचा चेहरा माझ्या बोटाच्या जागी असता तर, हा विचार आजही झोप उडवतो.

म्हणून मुलांनो, पहिला नियम, आणि याला अपवाद नाही: टेबलावर काम करायचं तर पंखा आधी काढायचा. दोन स्क्रू असतात, दोन मिनिटं लागतात. बॅटरी जोडलेली आहे तोवर मोटर जिवंत आहे असंच समजायचं. आधी ट्रान्समीटर चालू करायचा, मग बॅटरी जोडायची. काढताना आधी बॅटरी, मग ट्रान्समीटर.

आता लक्षणांकडे वळू. वैद्य नाडी बघतो तसं आधी काय दिसतं, काय ऐकू येतं ते बघायचं. हत्यार नंतर.

काहीच होत नाही, सर्व्होही हलत नाहीत, आवाजही नाही, तर वीजच पोचत नाही. बॅटरी, प्लग आणि रिसीव्हरला जाणारी बारीक वायर बघा. लाल-काळ्याची उलटापालट मात्र चुकूनही नको. कंट्रोलर क्षणात धूर सोडतो आणि त्याला औषध नाही.

सर्व्हो हलतात, पण मोटर गप्प आणि कंट्रोलर सारखा टूं-टूं करतोय, तर मोटर बहुतेक चांगली आहे. कंट्रोलर सांगतोय की थ्रॉटल शून्यावर आलेला नाही. ट्रिम वर गेलेली असेल, किंवा ट्रान्समीटरमध्ये तो चॅनल उलटा असेल. नसेल तर कंट्रोलरला थ्रॉटलची दोन टोकं नव्यानं शिकवायची. पंखा काढून, दांडा पूर्ण वर ठेवून बॅटरी जोडायची, आवाज आला की दांडा खाली आणायचा. बहुतेक कंट्रोलर असेच शिकतात, तरी सोबतचा कागद वाचा. इतके लोक नवी मोटर आणतात, तो कागद कोणी वाचत नाही.

मोटर थरथरते, अडखळते, पण फिरत नाही, तर तीन तारांपैकी एक तुटलेली आहे किंवा तिचा जोड नीट नाही. आमच्या धंद्यात याला सिंगल फेजिंग म्हणतात. ही मोटर तपासायला एक सुंदर युक्ती आहे, मीटरही लागत नाही. तिन्ही तारा कंट्रोलरपासून सोडवा आणि मोटर हातानं फिरवा. चुंबकांमुळे टक-टक अडकत जाईल, पण सहज फिरेल. आता कुठल्याही दोन तारांची टोकं एकमेकांना टेकवा आणि पुन्हा फिरवा. मोटर जड लागेल, जणू कोणी ब्रेक लावलाय. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी, अशा तिन्ही जोड्या करून बघा. तिन्ही सारख्याच जड लागल्या तर वाइंडिंग शाबूत आहे. एखाद्या जोडीत मोटर हलकीच राहिली तर तिथं तार तुटली. आणि तारा न टेकवताच जड लागली तर आत शॉर्ट आहे. मल्टिमीटर इथं उपयोगी पडत नाही, कारण या वाइंडिंगचा रोध इतका कमी असतो की चांगली आणि वाईट दोन्ही शून्यच दाखवतात.

मोटर उलटी फिरते? हा दोषच नाही. मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन तारा अदलाबदल करा.

मोटर तापते, वास येतो. इथं तीन संशयित. पहिला, पंखा. कोणीतरी सांगतं, मोठा पंखा लाव, जोरात चढेल. १० इंचाच्या जागी १२ इंच म्हणजे दोनच इंच, असं वाटतं. पण फेऱ्या तेवढ्याच राहिल्या तर पंख्याला लागणारी शक्ती व्यासाच्या चौथ्या घातानं वाढते. १.२ चा चौथा घात करा, २.०७ येतो. दोन इंचांत भार दुप्पट! प्रत्यक्षात फेऱ्या थोड्या उतरतात, पण मोटर आणि कंट्रोलर दोघांचा दम निघतो. दुसरा, स्क्रू. मोटर बसवताना हातात सापडला तो लांब स्क्रू पिळला की त्याचं टोक आत वाइंडिंगला टेकतं, एनॅमल खरवडतं. दोन मिलिमीटर जास्त लांबीनं अख्खी मोटर जाते. तिसरा, हवा. ग्लायडरचं अंग निमुळतं, आत जागा नाही. नाकाजवळ हवा शिरायला भोक आहे, पण मागे बाहेर पडायला आहे का? बाहेरचं भोक आतल्यापेक्षा मोठं हवं.

आणखी एक खोड खास ग्लायडरचीच. यातल्या बऱ्याच मोटरींचं बाहेरचं कवच फिरतं, आणि त्या अरुंद नाकात तीन तारा कवचाला खेटून मागे जातात. तार कवचाला घासली की महिनाभरात इन्सुलेशन जातं. तारा बाजूला ओढून बांधून टाका आणि दर दहा उड्डाणांनी टॉर्चनं बघा.

मोटर बंद केली, पण पाती मिटत नाहीत, पंखा वाऱ्यावर फिरतच राहतो आणि विमान दगडासारखं उतरतं. कंट्रोलरमधला ब्रेक चालू केलेला नाही. पंखा थांबल्याशिवाय पाती मिटणार कशी? सेटिंगमध्ये ब्रेक चालू करा. यात विमान बिघडलेलं नसतं, पण माणसं पंखांचा तोल तपासत बसतात.

आणि सगळ्यात फसवा दोष: हवेत क्षणभर विमान ऐकेनासं होतं, मग पुन्हा ऐकतं. सगळे रेडिओला शिव्या देतात. मघाशी म्हटलं ना, एका मीटरवर सगळं घर? शेपटीची बिजागरी आखडली, किंवा दांडी कुठं अडकली, की तो सर्व्हो सतत जोर लावत राहतो आणि अँपिअरभर करंट ओढतो. साध्या पद्धतीचा पाच व्होल्टचा पुरवठा असेल तर १२ मधले उरलेले सात व्होल्ट उष्णतेतच जातात. सात व्होल्ट गुणिले एक अँपिअर, सात वॉट, नखाएवढ्या जागेत. तो तापतो, व्होल्टेज खाली बसतं, रिसीव्हर झोपतो. दोष बिजागरीत, लक्षण रेडिओत. उपाय काय, तर बिजागरी मोकळी करणे! म्हणून बॅटरी जोडल्यावर कान लावा. दांडे मध्यावर असताना एखादा सर्व्हो गुणगुणत असेल तर त्याला काहीतरी दुखतंय.

राहिलं शेवटचं लक्षण, म्हणजे आमचं: मोटर आधी चालते आणि मग बंद पडते.

हाताला पट्टी, दुसरं काही करता येईना, म्हणून मी ती वही उघडली. पोरानं प्रत्येक उड्डाण लिहिलं होतं. एक पान आठवणीतून सांगतो. "चढाई १: तीस सेकंद, ठीक. चढाई २: अठरा सेकंदांनी बंद. थ्रॉटल खाली आणून पुन्हा वर केल्यावर चालू. चढाई ३: नऊ सेकंदांनी बंद. उतरल्यावर मोटर कोमट, बॅटरी कोमट, पिवळा प्लग गरम." असं पानामागून पान. पहिल्या चढाईत एकदाही बंद नाही. प्रत्येक पानावर प्लग गरम.

मी कारखान्यात गेलो की पहिली गोष्ट काय करायचो? मशिनवरच्या ऑपरेटरला बाजूला घेऊन विचारायचो, "कधीपासून होतंय? त्याआधी काय बदललं?" निम्मं काम तिथंच व्हायचं. घरी मात्र ऑपरेटर चौदा वर्षांचा होता आणि आपला नातू होता, म्हणून त्याला विचारलंच नाही. कधीपासून? प्लग बदलल्यापासून. कोणी बदलला? मी.

मी नातवाला हाक मारली. म्हटलं, "तुझी वही वाचली. चल, तू सांगशील तसं करू." तो पहिल्यांदा काही बोलला नाही. मग म्हणाला, "आधी एक चढाई वापरलेली बॅटरी घेऊ. भरलेल्या बॅटरीवर तो कधीच सापडणार नाही." बरोबर होतं. मी दर वेळी भरलेली बॅटरी लावून, अर्ध्या थ्रॉटलवर, पाच सेकंद तपासत होतो. म्हणजे ज्या परिस्थितीत दोष होतच नाही, तिथंच तो शोधत होतो.

ही तपासणी भाराशिवाय होत नाही, त्यामुळे इथं पंखा लावावाच लागतो. विमानाचं अंग जाड पट्ट्यांनी टेबलाला बांधलं, पंख्यासमोर आणि त्याच्या बाजूला कोणी नाही, दोघांच्या डोळ्यांवर चष्मे, दोघंही मागे उभे. प्लगवरच्या स्लीव्ह मागे सारल्या. मल्टिमीटरची एक क्लिप बॅटरीच्या लाल तारेला, प्लगच्या अलीकडे. दुसरी क्लिप कंट्रोलरच्या लाल तारेला, प्लगच्या पलीकडे. क्लिपाच लावायच्या, हात जवळ ठेवायचे नाहीत. आता विचार करा, एकाच लाल रस्त्याची ही दोन टोकं. दोघांमध्ये व्होल्टेज किती दिसायला हवं? जवळजवळ शून्य.

नातवानं थ्रॉटल पूर्ण वर केला. मीटरवर ०.४ आलं. मग ०.७, १.०, वाढत वाढत १.५ व्होल्ट, आणि मोटर बंद.

इथं थोडा हिशेब, अगदी साधा. कंट्रोलर प्रत्येक सेल ३.२ व्होल्टच्या खाली गेला की मोटर बंद करतो, म्हणजे तीन सेलना ९.६. का बंद करतो? बॅटरी मरू नये आणि उरलेल्या विजेवर रिसीव्हर-सर्व्हो चालत राहून विमान घरी यावं म्हणून. आता भरलेली बॅटरी १२.६. जोराचा भार आला की बॅटरी स्वतः एक व्होल्ट खाली बसते, हे नैसर्गिक. राहिले ११.६. त्यातले दीड व्होल्ट माझ्या प्लगनं खाल्ले. राहिले १०.१. चालतंय. आता एक चढाई झालेली बॅटरी, १२.०. एक गेला, ११. दीड गेला, ९.५. कंट्रोलर म्हणतो, बास! बॅटरी भरपूर शिल्लक असते, पण त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि त्याला ती रिकामी वाटते. थ्रॉटल खाली आणला की करंट थांबतो, प्लग खायचं थांबवतो, व्होल्टेज परत येतं, मोटर पुन्हा चालते. वहीतली ओळ न् ओळ जुळली. ज्या कंट्रोलरला मी नादुरुस्त ठरवून कपाटात टाकलं होतं, तो बिचारा दर वेळी आमचं विमान वाचवत होता.

दीड व्होल्ट गुणिले २५ अँपिअर म्हणजे साडेसदतीस वॉट, त्या एवढ्याशा प्लगमध्ये. आणि मी ज्या सोल्डरिंग आयर्ननं तो जोड केला होता, ते किती वॉटचं होतं? २५. आयर्नपेक्षा जोडच जास्त तापत होता!

कारण अगदी साधं. इतक्या जाड तारेला २५ वॉटचं आयर्न पुरत नाही. तार सगळी उष्णता पिऊन टाकते, सोल्डर वरवर पसरतं, आत शिरत नाही. ड्राय सोल्डर. वरून बघायला झकास, चमकदार. आणि थंड असताना मल्टिमीटरला विचारलं तर तो म्हणतो जोड आहे. खरंच आहे ते, त्याच्या बारीकशा करंटपुरता आहे. तुम्ही जेवढं विचाराल तेवढंच तो सांगतो. २५ अँपिअरचा प्रश्न २५ अँपिअर सोडूनच विचारावा लागतो. नवा कंट्रोलर आणला तेव्हाही दोष गेला नाही, कारण त्यालाही प्लग त्याच आयर्ननं, त्याच हातानं लावला होता. सामान नवं आलं, दोष मी पुन्हा तयार करून दिला.

मग जोड नव्यानं केला. ६० वॉटचं आयर्न, जाड टोकाचं. तार आणि प्लगची वाटी दोन्हीला आधी वेगवेगळं सोल्डर पाजायचं, मग एकत्र तापवायचं, आणि सोल्डर तारेच्या केसांत शिरलेलं डोळ्यांनी बघायचं. तापवताना प्लगमध्ये त्याचा दुसरा जोडीदार खोचून ठेवायचा, नाहीतर प्लास्टिक मऊ होऊन पिन वाकडी होते. आणि स्लीव्ह आधी तारेत ओवून ठेवायची. ही गोष्ट चाळीस वर्षांत मी निदान चारशे वेळा विसरलो असेन. पुन्हा तीच तपासणी केली. पूर्ण थ्रॉटलला मीटरवर तीस मिलिव्होल्टही नाहीत. दीड व्होल्टचे पन्नासावा भाग उरले. जुनी मोटर, जुना कंट्रोलर, जुनी बॅटरी परत बसवली. तिन्ही उत्तम चालतात, आजही. नवं सामान कपाटात आहे, कोणाला हवं असेल तर सांगा.

बॅटरीबद्दल दोन शब्द, कारण ही बॅटरी खेळण्यातली नाही, आग लागू शकते. चार्जर तीन सेल वेगवेगळे मोजणाराच हवा. २२०० च्या बॅटरीला चार्जिंग २.२ अँपिअरनं, समोर बसून, रात्री झोपताना कधीही नाही. आठवडाभर उडवायचं नसेल तर प्रत्येक सेल ३.८ च्या आसपास ठेवा, भरून किंवा रिकामी ठेवू नका. पापडासारखी फुगली की तिचा विषय संपला. आणि बडोद्याच्या मे महिन्यात बंद गाडीत एक मिनिटही ठेवू नका. उडवायची जागाही मोकळी, वस्तीपासून आणि विमानतळापासून लांबची बघा.

आता समारोप. या सगळ्यातून मी तीन गोष्टी एका कागदावर लिहून टेबलावर चिकटवल्या आहेत. एक, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदललेलं लिहून ठेवायचं. दोन, दोष जिथं होतो त्याच परिस्थितीत तो शोधायचा. तीन, शेवटचा हात कोणाचा लागला होता ते आधी बघायचं, आणि तो आपला असेल तर सगळ्यात आधी तिथंच बघायचं. ही तिसरी ओळ नातवाच्या अक्षरात आहे. मी त्यालाच लिहायला लावली.

मी त्याची माफी मागितली. आपल्याकडे आजोबा नातवाची माफी मागत नाहीत. फार तर आइस्क्रीम आणून देतात. मी दोन्ही केलं. तो म्हणाला, "ठीक आहे आजोबा. पण पुढच्या वेळी वही आधी वाचा."

तो आज समोरच बसला आहे, लाजून खाली बघतोय. विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी आम्ही दोघं विमान घेऊन जाणार आहोत. ज्या मुलांना यायचं असेल त्यांनी त्याच्याकडे नाव द्यावं. एक वही आणि एक पेन्सिल बरोबर आणावी. चष्मे आमच्याकडे आहेत.

आणि कार्यकर्त्यांना विनंती, उद्या माळ गेली तर आधी पिन बघा.

गणपती बाप्पा मोरया!